लबकसाहेबांची गांधीलमाशी

शनिवार-रविवारला लागून सोमवारी बँकांना सुट्टी आली की ऑफिसात सगळ्यांच्या चेहऱ्यावर एक वेगळंच तेज येतं. अशाच एका लाँग वीकएंडला (अर्धं पुणं लोणावळ्याच्या वाटेवर ट्रॅफिकमध्ये अडकलेलं असताना) मी घरी बसून 'बँक हॉलिडे' हा प्रकार मुळात काढला कोणी, हे शोधत होतो. उत्तर दोन मिनिटांत मिळालं. सर जॉन लबक, इंग्लंड, १८७१चा कायदा. आपल्याकडच्या बँकांच्या सुट्ट्या १८८१च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टखाली जाहीर होतात, म्हणजे आपला कायदा वेगळा. पण शब्द तिकडचाच. तिथेच थांबायला हवं होतं. पण एकातून दुसरं, दुसऱ्यातून तिसरं असं करत रात्री दीड वाजता मी एका गांधीलमाशीपाशी येऊन पोचलो. फेब्रुवारी महिना होता, आणि ती मरत होती.

ही त्या माशीची गोष्ट.

१८७२ सालचा मे महिना नुकताच लागला होता. लबकसाहेब फ्रान्स आणि स्पेनच्या मधल्या पिरेनीज पर्वतात फिरायला गेले होते. तिथे त्यांना एक घरटं सापडलं. जेमतेम वीसेक कप्प्यांचं, बहुतेक कप्प्यांत एकेक अंडं, अजून एकही अळी बाहेर आलेली नाही. आणि त्या घरट्यावर एकटी राणी. ही पॉलिस्टीस नावाच्या गटातली गांधीलमाशी. ह्या माश्या लाकूड जबड्याने खरवडतात, थुंकीत कालवतात आणि त्याचा चक्क कागद करून घर बांधतात. एका देठाला लटकलेली उघडी छत्रीच म्हणा ना. आपल्या गॅलरीच्या कोपऱ्यात किंवा एसीच्या बाहेरच्या डब्यामागे अशी घरटी दिसतात, ती बांधणाऱ्या माश्या हिच्या चुलत बहिणी. (लाकडापासून कागद करता येईल ही कल्पना रेओम्यूर नावाच्या फ्रेंच माणसाने १७१९ मध्ये मांडली, ती गांधीलमाश्यांकडे बघूनच. तोवर युरोपात कागद चिंध्यांचा होत असे. असो, तो वेगळा लेख होईल.)

दुसऱ्या कोणी घरटं पाहून चार पावलं मागे घेतली असती. लबकसाहेबांनी राणीसकट घरटं उचललं आणि इंग्लंडला न्यायला निघाले. माशी बाटलीत. प्रवासात ते तिला बाहेर काढून हातावर बसवायचे आणि खायला द्यायचे. पहिल्यापहिल्यांदा ती बिचकलेली असायची, नांगी कायम तयारीत. आणि मग ट्रेनमध्ये टीसी यायचा! तिकीट दाखवायचं म्हणजे हात मोकळा हवा, म्हणून माशीला घाईघाईने बाटलीत कोंबायचं. ह्या गडबडीत एकदोनदा तिने त्यांना डंख मारला. त्यावर साहेबांचं मत असं, की तिने तो रागाने मारला नाही, घाबरून मारला. हे वाचून मी त्या माणसाच्या प्रेमातच पडलो. आपल्याला कोणी चावलं तर चावणाऱ्याची बाजू घेणारे लोक कमी असतात.

आता हा माणूस होता कोण? १८३४ साली लंडनला जन्म, घराण्याची बँक, ईटनमधून लवकर काढून वडिलांनी पोरवयातच बँकेत बसवलेला. कॉलेजचं तोंड पाहिलं नाही. पण १८४२ मध्ये, हा आठ वर्षांचा असताना, वडील घरी येऊन म्हणाले की एक मोठी आनंदाची बातमी आहे. पोराला वाटलं आपल्याला तट्टू मिळणार. बातमी निघाली ती अशी, की चार्ल्स डार्विन शेजारच्या डाऊन गावात राहायला येणार! पोराचा तेव्हा हिरमोड झाला, पण तट्टापेक्षा शेजारी जास्त उपयोगी ठरला. डार्विनने त्याला निरीक्षण करायला शिकवलं. पुढे ह्या बँकरने १८६५ साली प्रागितिहासावर जाडजूड पुस्तक लिहिलं. शाळेत आपण जे पुराश्मयुग आणि नवाश्मयुग पाठ केलं, त्यासाठीचे 'पॅलिओलिथिक' आणि 'निओलिथिक' हे इंग्रजी शब्द ह्याच पुस्तकातले. १८७० मध्ये खासदार झाले, १८७१ मध्ये बँक हॉलिडेचा कायदा आणला, आणि ऑगस्टमधल्या सुट्टीला लोक गमतीने 'सेंट लबक्स डे' म्हणायला लागले. दिवसा बँक, दुपारी पार्लमेंट आणि उरलेल्या वेळात मुंग्या-माश्या. 'वेळ मिळत नाही' ही सबब सांगणाऱ्यांनी (म्हणजे मीच) जरा इकडे लक्ष द्यावं.

तर माशी इंग्लंडात पोचली. हळूहळू माणसाळली. हातावर घेतलं की आता खायला मिळणार अशा बेताने बसायची. पाठीवरून बोट फिरवू द्यायची. कित्येक महिने तिने नांगी बाहेर म्हणून काढली नाही. ऑगस्टमध्ये ब्रायटनला ब्रिटिश असोसिएशनचं वार्षिक संमेलन भरलं, तिथे लबकसाहेब तिला घेऊन गेले. हे संमेलन म्हणजे त्या काळातली विज्ञानाची जत्रा. त्याच वर्षी त्याच संमेलनात स्टॅनलीने आफ्रिकेत लिव्हिंगस्टन कसा सापडला ते सांगितलं, पदच्युत सम्राट तिसरा नेपोलियन ऐकायला हजर होता. एवढ्या गर्दीत एका बँकरने बाटलीतून आणलेली पाळीव गांधीलमाशी बघायलाही लोक जमले.

इथपर्यंत सगळी मजाच मजा. मग थंडी पडायला लागली.

पुढचं कळायला ह्या माश्यांचं वर्ष कसं चालतं ते थोडं बघावं लागेल. थंड प्रदेशातल्या पॉलिस्टीसची वसाहत एका वर्षाची असते. उन्हाळा सरता सरता घरट्यात नर आणि पुढच्या वर्षीच्या राण्या जन्माला येतात. ह्या तरुण राण्या काम करत नाहीत. बसून खातात आणि अंगात चरबी साठवतात. शरदात नरांशी मीलन होतं, नर मरतात, कामकरी माश्या मरतात, जुनी राणी तर बहुतेक वेळा त्याआधीच गेलेली असते. घरटं ओस पडतं. तरुण राण्या मात्र झाडाच्या सालीखाली, भिंतीच्या फटीत, छपराच्या कौलांमागे, बऱ्याचदा एकमेकींना चिकटून घोळक्याने, शीतनिद्रेत जातात. अंडाशय मिटलेले, शरीराचा सगळा कारभार अगदी मंद, आणि जगायचं ते त्या साठवलेल्या चरबीवर. वसंतात ज्या उठतात त्या नवं घरटं बांधायला घेतात. पिरेनीजमध्ये लबकसाहेबांना सापडली ती अशीच नुकती उठलेली, नुकतं घर मांडलेली बाई.

थंडीबरोबर आपल्या माशीला गुंगी यायला लागली. लबकसाहेबांना आशा वाटली, की ही आता झोपेल आणि हिवाळा काढेल. त्यांनी तिला अंधाऱ्या जागी ठेवलं. रोज लक्ष ठेवलं. मधूनच ती अस्वस्थ दिसली की खायला दिलं. ती अधूनमधून बाहेर यायची, ठीकठाक वाटायची. डिसेंबर गेला, जानेवारी गेला. फेब्रुवारीचा शेवट आला, म्हणजे युरोपातला हिवाळा जवळजवळ सरलाच म्हणायचा. आणि एक दिवस त्यांच्या लक्षात आलं की तिच्या डोक्यावरच्या त्या दोन मिशा, स्पृशा, जवळपास हलत नाहीयेत. बाकी शरीर नेहमीसारखं. खायला घेईना. दुसऱ्या दिवशी डोकं मेल्यासारखं, पण पाय, पंख, पोट हलतंय. तिसऱ्या दिवशी त्यांनी शेवटचं म्हणून खाणं पुढे केलं. आता डोकं आणि छाती दोन्ही गेलेली. फक्त पोटाचं टोक हललं. ह्या हालचालीत आपल्याबद्दलची कृतज्ञता आणि माया आहे, असं जवळजवळ वाटून गेलं, असं लबकसाहेबांनी पुढे १८८२ साली आलेल्या आपल्या मुंग्या-मधमाश्या-गांधीलमाश्यांवरच्या पुस्तकात लिहिलं.

हा 'जवळजवळ' मला फार महत्त्वाचा वाटतो.

कारण बाजूला काय चाललं होतं बघा. १८७२च्या नोव्हेंबरमध्ये, म्हणजे ही माशी अंधारात पेंगत असताना, शेजारच्या डार्विनचं माणूस आणि प्राणी भावना कशा व्यक्त करतात ह्यावरचं पुस्तक बाजारात आलं. प्राण्यांना मन आहे का, आणि असलंच तर ते किती खालपर्यंत जातं, हा तेव्हा जेवणाच्या टेबलावरचा विषय होता. कुत्र्याची माया सगळ्यांना मान्य. पण गांधीलमाशीची? पुढे १८९४ मध्ये लॉइड मॉर्गनने नियमच घालून दिला, की प्राण्याची एखादी कृती साध्या कारणाने समजत असेल तर तिच्यामागे उच्च दर्जाचं मन शोधायला जाऊ नका. त्या नियमात लबकसाहेबांची कृतज्ञता अर्थातच बसत नाही.

साधं कारण आहेच. कीटकाच्या शरीरात पोटाच्या बाजूने मज्जातंतूंची एक दोरी जाते आणि तिच्यावर गाठी असतात. डोक्यात मेंदू, छातीत वेगळ्या गाठी, पोटात वेगळ्या. आमच्या धंद्यातल्या भाषेत सांगायचं तर सगळं एकाच मेन सर्व्हरवर नसतं. प्रत्येक भागाचं आपापलं छोटं मशीन असतं. मेन गेलं तरी मागचं काही काळ चालू राहतं. डोकं गेलेलं असताना पोट हललं, ह्यात निरोप वगैरे काही नाही. डोक्यात खाण्याची दखल घेणारं कोणी उरलंच नव्हतं.

हे सगळं मला पटतं. तरीही मी लबकसाहेबांना हसणार नाही. त्यांनी तीन दिवस रोज काय बंद पडलं ते क्रमाने टिपलं. आधी स्पृशा, मग डोकं, मग छाती. प्रेमाने आंधळ्या झालेल्या माणसाने असं टिपलं नसतं. आणि कृतज्ञतेची गोष्ट लिहिताना हातचं राखून 'जवळजवळ' लिहिलं. दोन्ही एकाच परिच्छेदात, एकाच माणसाने.

आता मुद्द्याचं. ती मेली का? लबकसाहेबांचं काही चुकलं का?

पहिला संशय अर्थातच खाण्यावर जातो. झोपलेल्याला उठवून जेवू घालायचं म्हणजे काय! शीतनिद्रेतल्या माशीला ऊब देऊन जागं केलं की चरबी भराभर जळते, त्यामुळे ऊबदार खोली ही कडक थंडीपेक्षा वाईट ठरू शकते, हे खरं आहे. पण १९७९ साली जोन स्ट्रासमनने टेक्ससमधल्या पॉलिस्टीस ॲन्युलॅरिस ह्या जातीबद्दल 'सायन्स'मध्ये एक सुंदर गोष्ट छापली. त्या राण्या शरदात जुन्या घरट्यात मध साठवून ठेवतात, आणि हिवाळ्यात मधेच उबदार दिवस आला की दडलेल्या जागेतून घरट्यावर परत येऊन तो खातात. मध असलेल्या जास्त तगतात. म्हणजे 'अस्वस्थ दिसली की खायला द्या' हा लबकसाहेबांचा नियम अगदीच वेडेपणा नव्हता. कुठेतरी माश्या स्वतःच तो पाळत होत्या.

माझ्या मते खरी अडचण साध्या हिशोबात आहे. मे १८७२ मध्ये जी राणी अंडी घालून बसली होती, ती जन्मली कधी? १८७१च्या उन्हाळ्याच्या अखेरीला. म्हणजे एक हिवाळा तिने आधीच काढलेला होता, कुठल्यातरी पिरेनीजमधल्या फटीत, कोणाच्याही मदतीशिवाय. लबकसाहेब ज्या हिवाळ्यातून तिला न्यायला बघत होते तो तिचा दुसरा. आणि पॉलिस्टीस राणीचं शरीर एका हिवाळ्यासाठीच बनलेलं असतं. तरुणपणी जमवलेली चरबी पहिल्या झोपेत आणि पहिल्या घरट्यात खर्च झालेली. अंडाशय एकदा चालू झालेले. तिच्या वयाच्या मोकळ्या राण्या १८७२चा शरद यायच्या आतच संपल्या असणार. म्हणजे ही जवळपास दीड वर्ष जगली, नेहमीच्या वर्षभराच्या आयुष्यावर कित्येक महिने जास्त. आपण ह्या प्रयोगाला फसलेली शीतनिद्रा म्हणतो. मला तर ते दीर्घायुष्य वाटतं. एका म्हातारीला त्यांनी हातावर भरवत फेब्रुवारीपर्यंत आणलं.

मग बंदिवासात राणीला हिवाळा काढायला लावायचाच असेल तर काय करायचं? तरुण राणी घ्यायची. इतकं साधं. आज अमेरिका-युरोपातल्या प्रयोगशाळा हेच करतात. शरदात, मीलन झाल्यावर पण झोपायच्या आधी, राण्या पकडायच्या. साखर किंवा मध भरपूर खाऊ घालायचा. मग लहान डब्यांत, दडायला घडीचा कागद किंवा पुठ्ठा देऊन, ओलावा राहील अशी सोय करून फ्रिजमध्ये ठेवून द्यायच्या, साधारण ४ अंश सेल्सियसला. गोठल्या तर मरतात, ऊब मिळाली तर चरबी जळून मरतात, हवा कोरडी झाली तर सुकून मरतात. सगळं नीट केलं तरी काही मरतातच, जंगलातही मरतात. वसंतात बाहेर काढायच्या, उजेड आणि ऊब द्यायची, साखर, अळ्या आणि कागद द्यायचा. रंगीत कागद दिला तर घरट्याला रंगीत पट्टे येतात!

पण एवढा खटाटोप कशासाठी, ह्याचं उत्तर इटलीत आहे. १९४०च्या दशकात, युद्धाच्या धामधुमीत, पिसामध्ये लिओ पार्डी नावाचा तरुण प्राणिशास्त्रज्ञ पॉलिस्टीसच्या पाठीवर रंगाचे ठिपके देऊन बसला होता. बऱ्याचदा शीतनिद्रेतून उठलेल्या अनेक राण्या मिळून एकच घरटं मांडतात. सगळ्या राण्या, सगळ्यांना अंडी घालता येतात. मग घर कोणाचं? पार्डीला दिसलं की एक दुसरीच्या अंगावर चढते, दुसरी डोकं आणि स्पृशा खाली घालून गप्प बसते. हे रोज होतं, आणि त्यातून उतरंड ठरते. वरची अंडी घालते, इतरांनी घातलेली अंडी खाऊन टाकते. खालच्या बाहेर जाऊन खाणं आणि कागदाचा लगदा आणतात, आणि त्यांचे अंडाशय आक्रसत जातात. १९४८ मध्ये हे इंग्रजीत छापून आलं तेव्हा कीटकांमध्येही अशी पायरीपायरीची सत्ता असते हे जगाला कळलं. (आमच्या ऑफिसशी साम्य आढळल्यास तो योगायोग समजावा.) पुढे २००२ मध्ये एलिझाबेथ टिबेट्सने दाखवलं की पॉलिस्टीस फस्केटस जातीच्या माश्या एकमेकींना चेहऱ्यावरच्या खुणांवरून ओळखतात. ह्या सगळ्या अभ्यासाला वसंतातल्या, ताज्या उठलेल्या राण्या लागतात. म्हणून तो फ्रिज.

टिबेट्सच्या शोधानंतर साहजिकच वाटतं, मग लबकसाहेबांची माशी त्यांना ओळखत होती का? बोटावर साखर असते हे ती शिकली होती, इतकं नक्की म्हणता येईल. त्यापुढे जायचा मोह मी आवरतो. जवळजवळ.

आपल्याकडे हा प्रश्नच वेगळा होतो. दक्षिण भारतात रोपॅलिडिया मार्जिनाटा ही कागदी घरट्याची गांधीलमाशी राहते, आणि बंगलोरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये राघवेंद्र गदगकरांनी तिच्यावर कित्येक दशकं काम केलं. २००१ मध्ये त्यांचं तिच्यावरचं मोठं पुस्तक आलं. हिला हिवाळाच नाही. घरटं वर्षाच्या कुठल्याही महिन्यात सुरू होतं आणि राण्या बदलत वसाहत चालू राहते. आणि राणी कशी, तर अगदी शांत, कोणाला ढकलत नाही, तिचा अंमल गंधाने चालतो. तिला काढून घेतलं की मात्र एक कामकरीण अचानक आक्रमक होते. तीच पुढची राणी. इथे थंडी सगळ्यांचा हिशोब एकदम मिटवत नाही. पिसातल्या राण्यांची मारामारी आणि बंगलोरच्या राणीची शांतता शेजारी ठेवून वाचली, की एक ऋतू कमी असल्याने घरातलं राजकारण किती बदलू शकतं ते दिसतं.

लबकसाहेबांनी पुढे गांधीलमाश्यांवर प्रयोग केले, पण ते खिडकीशी मध ठेवून. मोकळी माशी पहाटेपासून संध्याकाळपर्यंत किती फेऱ्या मारते ते बँकेच्या वहीसारखं वेळ टाकून लिहून ठेवलं, आणि गांधीलमाशी मधमाशीपेक्षा जास्त वेळ राबते असा निकाल दिला. घरात पाळल्या त्या मुंग्या, काचेच्या दोन तावदानांमध्ये माती घालून. १८८२ मध्ये 'पंच'ने त्यांचं व्यंगचित्र छापलं त्यात ते स्वतःच मधमाशी होते. डिसेंबर १८७४ मध्ये घरी आणलेली एक राणी मुंगी त्यांच्याकडे ऑगस्ट १८८८ पर्यंत जगली, जवळपास १५ वर्षांची होऊन. तिचे तेवढे हिवाळे गेले. मुंगीच्या राणीचं शरीरच त्या हिशोबाचं असतं.

पिरेनीजची माशी त्यांनी ब्रिटिश म्युझियमला दिली. १८८१ मध्ये त्या म्युझियमचा निसर्गविभाग साऊथ केन्सिंग्टनच्या नव्या इमारतीत हलला, खोकीच्या खोकी भरून.